मेणदोरा

"सावकाश उतरवा! आपटू नगासा!" बाई टेंपोतून ओरडत होती. "माणूस गेलंय त्यात."

टेंपोच्या हौद्यात दोरखंडानं बांधलेलं जीपचं इंजिन होतं आणि त्याला टेकून ती बसली होती. एक हात इंजिनावर, झोपलेल्या पोरावर ठेवतात तसा. मी शटर अर्धं वर केलं आणि कपाळाला आठी घातली. सोमवार होता. सोमवारी कोल्हापूरचं उद्यमनगर बंद. एरवी लेथ, हातोडे, ग्राइंडर यांनी कानाचे पडदे फाटतात, पण सोमवारी गल्ली इतकी गप्प असते की आपलीच चप्पल वाजली तरी मागं वळून बघावंसं वाटतं. मी तरी दुकानात का होते म्हणाल तर दादा गेल्यापासून घर खायला उठायचं. दुकानात निदान त्याचे पाने होते.

"आज सुट्टी हाय, बाई. उद्या या."

"उद्या मला कोण आणून सोडणार? तूच न्हवं शालन लोहार? सर्जेराव मिस्त्रीची भन?"

"व्हय. तुम्ही?"

"मी हौसा. बावड्याच्या घाटात वडाप पडलं, त्याच्या डायवरची बायको."

ज्ञानू ड्रायव्हरची बायको! ती भाड्यानं माणसं वाहणारी वडापची जीप आमच्या दुकानात उभी राहिलेली मी पाहिली होती. तिचं इंजिन माझ्या भावानं, सर्जादादानं बांधलं होतं. त्यानंतर हिवाळ्यात दादा छातीच्या दुखण्यानं गेला, आणि उन्हाळ्यात घाट उतरताना त्या इंजिनानं चालता चालता जॅम खाल्ला. चाकं जागच्या जागी बसली, जीप कठडा तोडून खाली. ज्ञानू गेला, त्याच्याबरोबर गावातली दोन माणसं गेली.

टेंपोवाल्यानं इंजिन बाकावर चढवून दिलं, संध्याकाळी येतो म्हणाला आणि निघून गेला. हौसा माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कपाळ मोकळं, डोळे कोरडे ठणठणीत.

"उघड ह्याला," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यादेखत उघड. गाव म्हणतंय मालकांनी तेल घातलं न्हाई. पिऊन झिंगत गाडी घातली आन् तीन मुडदं पाडलं. पाण्याला गेले तर बायका नळावरनं उठत्यात. पोरगी शाळेतनं रडत येती, खुनी डायवरची म्हणत्यात तिला. मला खरं काय ते कळू दे. मालकांचं चुकलं असलं तर मी तोंड खाली घालून जगीन. पर नसलं तर?"

"नसलं तर काय?"

"तर तुझ्या भावाचं," ती म्हणाली. "दोघातलं एक. तिसरं कोण हाय?"

मी तोंडाची फटकळ, सगळ्या उद्यमनगरला ठाऊक आहे. वडलांच्या मागं दादानं मला फिटरकाम शिकवलं तेव्हा हसणाऱ्यांना मी असं झाडलं होतं की परत कुणी वाटेला गेलं नाही. पण त्या बाईला काय बोलू? मेलेल्या माणसाला तोंड नसतं. दादाच्या नावावर आमचं दुकान चालत होतं. 'सर्जाचा हात लागलेलं इंजिन' म्हणून लोक गाडी विकताना छाती काढून सांगायचे. ते नाव तेवढं मागं राहिलं होतं आणि ही बाई माझ्याच हातांनी ते तपासायला आली होती. नाही म्हटलं तर चोराच्या मनात चांदणं, असंच झालं असतं.

"उघडते," मी म्हटलं.

इंजिन उताणं केलं, तेलाचं चेंबर काढलं. आत चार दट्टे, चार रॉड, आणि प्रत्येक रॉड खालून क्रँकला, मधल्या फिरत्या दांड्याला, धरून ठेवणारी एकेक अर्धगोल कॅप. कॅपच्या आत बेअरिंग. पंख्याकडून तिसरी कॅप निघता निघेना. हातोड्यानं ठोकून काढली तर आतलं बेअरिंग जळून निळं-काळं, क्रँकला चिकटलेलं. मी बाकीच्या तीन काढल्या. ओरखडे होते, पण जळालेली नव्हती.

मी खाली बसले. हौसा माझ्या तोंडाकडं बघत होती.

"तेल होतं," मी म्हटलं. खोटं कसं बोलू? "तेल नसतं तर चारही जळाली असती. एकच जळालंय."

"म्हंजे मालकांनी तेल इसरलं न्हाई?"

"नाही."

तिनं पदर तोंडात कोंबला आणि रडली. आवाज न करता, पाठ हलत होती तेवढीच. मग पदर काढून तिनं सरळ विचारलं, "मग बांधतानाच तुझ्या भावानं काय केलं?"

"मोजल्याशिवाय मी सांगणार नाही," मी म्हटलं.

आता मोजायचं कसं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात केसाहूनही कमी फट लागते, तेल खेळायला. ती डोळ्याला दिसत नाही, तिथं पट्टी जात नाही. मग मेणाचा एक बारीक हिरवा दोरा मिळतो, आम्ही त्याला मेणदोरा म्हणायचो. त्याचा तुकडा क्रँकवर आडवा ठेवायचा, वर कॅप बसवून बोल्ट नेमके पिळायचे, आणि लगेच उघडायचे. दोरा चेपून पसरतो. जास्त पसरला तर फट कमी, थोडा पसरला तर फट जास्त. त्याच्या पाकिटावरच माप छापलेलं असतं, लावून बघायचं. फक्त एक पथ्य आहे. दोरा आत असताना क्रँक तसूभरही फिरता कामा नये. फिरला की दोरा फरफटतो, लोण्यासारखा माखतो, मग ब्रह्मदेव आला तरी माप सांगू शकत नाही. म्हणून दादाची पद्धत होती, पंख्याच्या उलट्या टोकाला जे जड चाक असतं त्या फ्लायव्हीलच्या बोल्टाला सुतळी बांधून ती बाकाच्या पायाला ताणून आवळायची. 'क्रँकला दावं लावलं का गं?' असं तो विचारायचा.

मी तसंच दावं लावलं. पंख्याकडच्या पहिल्या रॉडवर दोरा ठेवला, जी कॅप तिथून निघाली तीच बसवली, बोल्ट पिळले, उघडले.

दोरा माखला होता. कॅपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवा ओघळ.

"हात लावलात?" मी खेकसले.

"न्हाई गं. मी हितं बसलेय न्हवं का."

सुतळी बघितली. ताठ होती, गाठ जशीच्या तशी. मी पुसलं, दुसऱ्या रॉडवर ताजा दोरा ठेवला. या खेपेला डावा हात फ्लायव्हीलवर दाबून धरला आणि उजव्यानं बोल्ट पिळले. उन्हाची वेळ, वर पत्रा तापून कडकडत होता, तरी ते लोखंड हाताला थंडगार लागत होतं. मध्येच लवंगेचा वास आला. झणझणीत, नाकात जाऊन बसणारा. मला वाटलं हौसाची दाढ दुखत असेल, लवंग धरली असेल तोंडात.

कॅप उघडली. दोरा माखलेला.

माझ्या हाताखाली क्रँक हलला नव्हता. देवाशपथ सांगते, केसभर हलला नव्हता. पत्र्याखाली कबुतरांचा घोळका असायचा आमच्या, दिवसभर घुमायची मेली. ती गप्प झाली होती. मी वर बघितलं तर सगळी ओळीनं बसून खाली इंजिनाकडं बघत होती.

हौसा उठून उभी राहिली.

"तूच करतीस," ती म्हणाली. "भावाचं झाकाय. पिळता पिळता हळूच फिरवतीस."

"तुमच्या जिभेला काही हाड? मी कशाला फिरवू?"

"मग कोण फिरवतंय? हाय का हितं तिसरं कोण?"

तिनं तो प्रश्न विचारला तेव्हा आम्हाला दोघींनाही तो ऐकायला नको होता.

"या इकडं," मी म्हटलं. "आता असं करू. मी दोरा ठेवते, कॅप बसवते, बोल्ट पिळते. मग तुम्ही माझे दोन्ही हात धरा, मी तुमचे धरते. इंजिनाच्या अल्याड-पल्याड उभ्या राहू. कुणाचा हात मोकळा नको. मग बघू."

शेवटच्या, फ्लायव्हीलकडच्या रॉडवर दोरा ठेवला. बोल्ट पिळले. हौसाचे हात माझ्या हातात घेतले. शेतात राबलेले खरखरीत हात, पण घामानं ओले. आम्ही क्रँककडं बघत उभ्या राहिलो. काही हललं नाही. सुतळी ताठ. मग खूप हळू, कुणी विहिरीचा रहाट जपून सोडतंय तसा, लोखंडावर लोखंड सरकल्याचा आवाज आला. डोळ्यांना क्रँक जागच्या जागी दिसत होता आणि कानाला फिरताना ऐकू येत होता. लवंगेचा वास इतका दाटला की डोळ्यांत पाणी आलं. हौसाची नखं माझ्या मनगटात रुतली होती. तिच्या ओठांचा रंग गेला होता आणि ती काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय.

आवाज थांबला. मी हात सोडवून कॅप उघडली. बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. हिरवा ओघळ.

मला भीती वाटायला हवी होती. ती वाटलीच, पण त्याहून जास्त राग आला. आयुष्यभर ज्यानं मला 'मोजल्याबिगर बोलू नये' म्हणून दटावलं तो आता मोजू देईना? चुकला असेल म्हणून तोंड लपवतोय? मी त्या रिकाम्या दुकानात ओरडले, "दादा, हात काढ! चुकलं असंल तर चुकलं! ऐकून घेऊ आपण. पण हे असलं भेकडासारखं करू नकोस!"

पत्र्यावर काहीतरी टकटकलं. कबुतरं भरारा उडाली आणि शटरच्या फटीतून निघून गेली.

"त्योच हाय," हौसा हळूच म्हणाली. "तुझा भाऊच. त्येला मोजू द्यायचं न्हाई."

मी चिंधी घेतली आणि कॅपा पुसायला लागले, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. पुसता पुसता पहिल्या कॅपच्या कडेवरची काजळी निघाली आणि खाली दादाची खूण दिसली. पंचानं मारलेलं टिंब. एकच.

मी पुन्हा बघितलं. ही कॅप मी पंख्याकडच्या रॉडवरून काढली होती. मघाशी तिथंच परत लावली होती.

माझा भाऊ डावरा होता. सगळी दुनिया इंजिनाच्या एका बाजूला उभी राहून पंख्याकडून एक, दोन, तीन, चार मोजते. दादा दुसऱ्या बाजूला उभा राहायचा आणि फ्लायव्हीलकडून मोजायचा. रॉडवर तो खूण करायचा नाही. म्हणायचा, 'रॉड कुठं जातोय? भटकते ती कॅप.' फक्त कॅपांवर टिंबं. दुकानात आम्हा सगळ्यांना पाठ होतं, सर्जाचं इंजिन उलटं मोजायचं. त्याच्या हातची एका टिंबाची कॅप फ्लायव्हीलकडं हवी. पंख्याकडं चार टिंबांची हवी.

मी बाकीच्या तिन्ही बघितल्या. सगळ्या उलट्या होत्या. आणि प्रत्येक कॅप तिच्याच रॉडबरोबर घासून जमवलेली असते, दुसऱ्याला ती बसते पण जमत नाही. कुठं आवळते, कुठं ढिली राहते. त्यातली एक आवळली, तापली, आणि घाटात चिकटली.

म्हणजे दादानं बांधल्यावर हे इंजिन कुणीतरी उघडलं होतं.

"हौसाक्का," मी विचारलं, आणि आवाज साधा ठेवायला मला जड गेलं. "दादानं बांधल्यावर हे कुण्या मिस्त्रीकडं उघडलं होतं?"

"न्हाई गं. मालक दुसऱ्या कुणाला हात लावू देतील?" ती म्हणाली. मग आठवून तिचा चेहरा उजळला. आल्यापासून पहिल्यांदाच. "तेवढं त्येंनी सोताच एकदा खालनं उघडलं हुतं. तेल गळत हुतं, पॅकिंग बदललं. आवाज येतोय म्हणून त्या टोप्या बी काढून बघितल्या. अंगणात, जीपखाली उताणं पडून. मी बॅटरी धरलेली. टोप्या परातीत मांडून ठेवल्या हुत्या मी. आन् लावताना मीच एकेक हातात दिली. मालक म्हणलं, हौसे, टिंबं मोजून दे, गफलत नगं. मला शाळा न्हाई, पर टिंबं मोजाय येत्यात की! पंख्याकडनं एक, दोन, तीन, चार. बरुबर दिली. मालक म्हणलं, मिस्त्रीण झालीस की गं!"

ती हसली. खरंच हसली. माझ्या हातातली कॅप मी पालथी करून ठेवली.

"तोंड धुऊन या," मी म्हटलं. "मागं नळ आहे. पाणी प्या. मी एकदा शेवटचं बघते."

ती मागं गेली. नळाचा आवाज सुरू झाला. मी चार टिंबांची कॅप उचलली, तिच्या खऱ्या जागी, पंख्याकडच्या रॉडवर नवा दोरा ठेवून बसवली. बोल्ट पिळले. दावं लावायचं विसरले, क्रँकला हातसुद्धा धरला नाही. उघडलं.

दोरा स्वच्छ होता. सरळ, दोन्ही टोकांना सारखा, कुठं फाटलेला नाही की माखलेला नाही. पाकिटावरची पट्टी लावली. इतक्या घासलेल्या इंजिनात सुद्धा माप पुस्तकात असावं तसं. दादाचा हात! मला हुंदका आला. माझा भाऊ सुटला होता. तो पुरावा माझ्यासमोर हिरवागार पडला होता. दारात नेऊन सगळ्या उद्यमनगरला दाखवावा असा.

नळ बंद झाला.

मला विचार करायला वेळच नव्हता, आणि खरं सांगू, विचार केलाही नाही मी. हौसाची पावलं वाजली तसा मी अंगठा त्या दोऱ्यावर ठेवला आणि पुसून टाकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. हिरवा ओघळ.

"निघालं का?" दारातून तिनं विचारलं.

"निघालं," मी म्हटलं. "दादाचं चुकलं. तिसरं टाईट बसवलं त्यानं."

मला वाटलं शिव्या देईल, बाकावरचा पाना उचलून घालेल डोक्यात. ती पुढं आली आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुझा भाऊ मुद्दाम करणार न्हाई," ती म्हणाली. "माणूसच हाय. हुती चूक." मग घुटमळत तिनं विचारलं, "गावात येऊन सांगशील?"

पुढच्या आठवड्यात मी तिच्या गावी गेले. पारावर चार माणसं बसली होती, बायका दारात. मी उभी राहून सांगितलं की इंजिन माझ्या भावानं चुकीचं बांधलं, ड्रायव्हरचा दोष नाही, तेल होतं. एक म्हातारा, त्याचा पोरगा त्या वडापमध्ये होता, माझ्या पायाजवळ थुंकला. मी पाय मागं घेतला नाही. त्यानंतर त्या अंगाची गाडी आमच्या दुकानात आली नाही. उद्यमनगरातही कुजबुज झाली. 'सर्जाचा हात' म्हणून कुणी काही सांगायचं ते बंदच झालं. कुणी म्हणेल, शालन, सख्ख्या भावाचं नाव मातीत घातलंस. म्हणू देत. मी परत त्या दिवशी उभी राहिले तरी अंगठा तिथंच ठेवीन.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. पारावरून हौसा मला घरी घेऊन गेली. तिची पोरगी दारात खेळत होती, शेजारच्या दोन मुलींबरोबर. हौसानं चुलीवर चहा ठेवला. मी भिंतीला टेकून बसले. समोर फळीवर ज्ञानूचा फोटो होता, हार घातलेला, आणि फोटोपुढं एक लहान वाटी.

वास मला आधी आला. मग मी उठून वाटीत बघितलं.

"त्येंना लागायचीच," हौसा चुलीपासून म्हणाली. "घाट लागला की तोंडात लवंग. झोप येत न्हाई म्हणायचं. गेलं तवा खिशात मूठभर निघाल्या, कागदात गुंडाळलेल्या. म्हणून ठेवते रोज." मग चहा ढवळता ढवळता म्हणाली, "त्या दिवशी तुझ्या दुकानात मी त्येंनाच हाका मारत हुते. का आलं हुतं कुणाला ठावं. तुला वास आलता का गं?"

"नाही," मी म्हटलं.

दादा बिडी ओढायचा. लवंग त्यानं उभ्या जन्मात तोंडात धरली नव्हती. आणि मी त्या दुकानात उभी राहून त्याला भेकड म्हटलं होतं.

हौसानं चहाची बशी पुढं केली. बाहेर पोरी टिंबं काढून काहीतरी खेळत होत्या, आणि तिची लेक मोठ्यानं मोजत होती, एक, दोन, तीन, चार. मी चहा प्याले.